बाईंचा दोन खोल्यांचा खेळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाचे माजी प्राचार्य, विद्यमान प्राचार्या मॅडम, आपली प्रयोगशाळा एक दिवस सहकाऱ्यांवर सोपवून इथवर आलेल्या प्रमुख पाहुण्या, व्यासपीठावरचे मान्यवर, माझे सहकारी, पालक, आजी-माजी विद्यार्थी, आणि जिच्या कौतुकासाठी आपण जमलो आहोत पण जी मघापासून पेनाचं टोपण काढते-लावते आहे, वर मात्र बघत नाही, ती मूर्ती, म्हणजे आपल्या भौतिकशास्त्राच्या बाई, सर्वांना माझा नमस्कार.

बाईंवर बोलायला भौतिकशास्त्राचं कुणी का उभं केलं नाही, गणिताचा मास्तर का, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय. त्याचं कारण शास्त्रीय नाही, सुतारकामाचं आहे. माझा वर्ग आणि बाईंची प्रयोगशाळा यांच्यामध्ये आहे ती फळ्यांची भिंत, आणि ती छतापर्यंत जात नाही. सुताराला काम कधी पुरं करायचं होतं कुणास ठाऊक. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे कानांनाच भिंत नव्हती. त्यामुळे नोकरीची सगळी वर्षं बाईंचा प्रत्येक तास मी फुकटात ऐकला.

आणि काय ऐकायला यायचं? टाळ्या. भांडणं. "बाई, हा लबाडी करतोय!" मध्येच अशी शांतता, की वाटावं तिकडे कुणीच नाही. एकदा माझा एक विद्यार्थी फळ्यावरचं उतरवून घेता घेता थांबला आणि म्हणाला, "सर, तिकडे काय चाललंय?" मी म्हटलं, "भौतिकशास्त्र." तो म्हणाला, "मग इकडे काय चाललंय?"

मी पुढचं गणित फळ्यावर घातलं.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्वांटम भौतिकी हा विषय असा आहे, की तो समजला असं ज्याला वाटतं त्याच्याकडे जाणकार लोक काळजीने बघतात. पुस्तकात तो समीकरणांनी येतो. मुलं समीकरणं पाठ करतात, परीक्षेत ओततात आणि घरी जातात. बाईंना ते चालायचं नाही. त्या म्हणायच्या, "जग इतकं विचित्र आहे हे मुलाला कळलं आणि त्याला धक्काच बसला नाही, तर मी काय शिकवलं?" म्हणून त्या खेळ काढायच्या. पत्ते, गोट्या, बटणं, लपंडाव, जे हाताशी येईल ते.

पहिल्या तासाचा खेळ ठरलेला. टेबलावर नाणं उभं धरायचं आणि टिचकी मारून गरगर फिरवायचं. "बोला, छापा की काटा?" अर्धा वर्ग छापा ओरडायचा, अर्धा काटा. बाई म्हणायच्या, "दोघेही चूक. फिरतंय तोवर ते काहीच नाही. हात ठेवलात की एक काहीतरी होतं." या टिचकीवरून मुलांनी त्यांना टिचकीबाई हे नाव दिलं. बाई, तुम्हाला माहीत नाही असं आम्हाला वाटायचं. तुम्हाला माहीत होतं असं मागाहून कळलं.

पण गंमत पुढे आहे. नाणं थांबलं की त्या लगेच सांगायच्या, "आता हा खेळ कुठे फसतो तेही ऐका. नाणं बिचारं साधं आहे. टिचकी किती जोरात, टेबल किती खडबडीत, वारा कुठून, हे सगळं ठाऊक असतं तर छापा की काटा ते आधीच सांगता आलं असतं. कणांच्या जगात तसंही नाही." प्रत्येक खेळाची शिवण त्या अशी उसवून दाखवायच्या. मुलांना रमवण्यासाठी त्यांनी कधी खोटं सांगितलं नाही. हे मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे, त्यामुळे साक्ष पक्की आहे.

अशाच एका पहिल्या तासाला, नाणं फिरत असताना, मागच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला. "बाई, मला तर हात लावल्याशिवाय कुठलीच गोष्ट काय आहे ते कळत नाही. आणि हात लावला की ती हलते. हे बाकीच्यांना आज कळतंय का?"

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बरोबर. आज त्यांची पाळी आहे."

ती मुलगी जन्मापासून पाहू शकत नव्हती. वर्गातली पोरं तिला कानसेन म्हणायची, कारण कोण उशिरा आलं, कुणी खिडकीतून काय फेकलं, कुणाच्या पोटात कावळे ओरडतायत, सगळं ती बसल्या जागी सांगायची. आज त्या आपल्या प्रमुख पाहुण्या आहेत. त्यांची परवानगी घेऊन मी थोडा वेळ त्यांच्याबद्दल एकेरीत बोलणार आहे, कारण गोष्टीत ती मुलगी आहे, आणि डॉक्टरेट वगैरे मिळवायला तिला अजून अवकाश आहे. त्या मान हलवतायत. आभारी आहे.

तिच्याबरोबर वर्गात तिचा मावसभाऊ होता. तो तिला पुस्तकं वाचून दाखवायचा आणि त्या बदल्यात तिच्याकडून गणितं सोडवून घ्यायचा. व्यवहार चोख होता. मला तो कळला होता, पण दोघांचंही भलं होत होतं, म्हणून मी डोळेझाक केली.

त्या वर्षी बाईंनी जो खेळ काढला, त्याच्यात मीही ओढला गेलो. एके दिवशी त्या माझ्या वर्गाच्या दारात उभ्या. "सर, तुमची खोली हवी आहे. आणि तुम्ही पंच म्हणून हवे आहात."

खेळ ऐकून घ्या, सोपा आहे. दोन भिडू. एक प्रयोगशाळेत बाईंसमोर, दुसरा माझ्या खोलीत माझ्यासमोर. प्रत्येकाच्या हाती न बघता एक पत्ता द्यायचा. पत्ते दोनच प्रकारचे. एकावर सँडपेपर चिकटवलेला, म्हणजे खरखरीत. दुसरा गुळगुळीत. पत्ता हाताने चाचपायचा आणि 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणायचं. जिंकायचं कसं? दोघांनाही खरखरीत पत्ता आला, तर उत्तरं वेगवेगळी यायला हवीत. बाकी काहीही आलं, तर उत्तरं सारखी यायला हवीत. खेळाआधी दोघांनी हवं तेवढं ठरवून घ्यावं. पण एकदा खोल्यांत गेलं की बोलायचं नाही.

मुलांना वाटलं, हात्तिच्या, एवढंच? पहिली जोडी ठरवून गेली, दोघंही कायम 'हो' म्हणू. दोघांना खरखरीत आला की हरायची. दुसऱ्या जोडीने काही वेगळं ठरवलं, ती दुसरीकडे हरली. मुलं मधल्या सुट्टीत डबा सोडून योजना आखायला लागली. कुणी कितीही डोकं लढवलं, तरी सरासरीने चारातले तीन डाव, त्यापुढे गाडी सरकेना.

माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. मी फळ्यावर मांडलं. प्रत्येक भिडूच्या चारच योजना होऊ शकतात, म्हणजे जोडीच्या सोळा. सोळाच्या सोळा तपासल्या. एकही योजना चारातल्या तीनच्या वर जात नाही. मी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणालो, "सिद्ध झालं. यापेक्षा जास्त जिंकणं अशक्य आहे."

बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर. आणि सर, निसर्ग शंभरातले पंच्याऐंशी जिंकतो."

मी विचारलं, "कोण जिंकतो?"

"प्रकाशाचे कण. जन्मतःच जोडीने निघालेले दोन कण घ्यायचे. एक इकडे पाठवायचा, एक तिकडे. तुमचा पत्ता म्हणजे त्या कणाला विचारायचा प्रश्न. कण 'हो' किंवा 'नाही' म्हणतो. लोकांनी प्रयोग करून पाहिलंय. शंभरात साधारण पंच्याऐंशी."

मी म्हणालो, "मग माझं गणित चुकलं."

"नाही. गणित पक्कं आहे, म्हणून तर अंगावर काटा येतो. तुम्ही फक्त एक गोष्ट धरून चालला होतात, सर. तुम्ही धरलंत, की प्रत्येक प्रश्नाचं उत्तर भिडूच्या खिशात आधीपासून असतं."

मंडळी, माझं निम्मं आयुष्य फळ्यासमोर गेलंय. तिथे उभा राहून मी मुलांना हेच सांगत आलो, की उत्तर असतंच, आपण फक्त ते शोधायचं. त्या दिवशी मुलं निघून गेली तरी मी त्या सोळा ओळींकडे बघत राहिलो. एकही ओळ चुकीची नव्हती. आणि जग त्या ओळींत मावत नव्हतं. देवळात कधी न गेलेल्या माणसाला पहिल्यांदा देवळात गेल्यावर काय वाटत असेल, याचा थोडा अंदाज मला तेव्हा आला.

आता यापुढचा प्रसंग. दुसऱ्या दिवशी कानसेन आणि तिचा मावसभाऊ खेळायला उभे राहिले. ती बाईंसमोर, तो माझ्यासमोर. पहिला डाव जिंकले. दुसरा जिंकले. मग जिंकतच गेले. एकही डाव हरेनात! दारांत गर्दी झाली, मुलं नाचायला लागली. मी घाम पुसला. अध्यक्षमहाराज, तुम्हीच सांगा, आदल्या दिवशी ज्याने अशक्य म्हणून खडू ठेवला, त्याने काय करावं?

बाईंनी टाळी वाजवली नाही. रागावल्याही नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "छान. आता खोल्या बदला."

खोल्या बदलल्या. पोरगा तिकडे, पोरगी माझ्यासमोर. आणि जादू संपली. पुन्हा चारातले तीन.

"हं," बाई म्हणाल्या, "सांगा आता. काय करत होतात?"

मावसभाऊ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागला. कानसेन मात्र बिनधास्त. "बाई, सरांच्या खोलीतली ती खुर्ची कुरकुरते. याला खरखरीत आला की हा मागे रेलायचा. मला भिंतीवरून ऐकू यायचं. आता मी इकडे येऊन मघापासून खुर्ची कुरकुरवतेय, तर या बहिऱ्याला काही ऐकूच येत नाही!"

मी त्या पोरासमोर हातभर अंतरावर बसलो होतो. मला वाटलं, मुलगा चुळबुळ्या आहे.

बाईंनी सगळ्या वर्गाला जमिनीवर बसवलं. म्हणाल्या, "या दोघांनी आज मोठी गोष्ट दाखवून दिली. सरांचं गणित काय सांगतं? ठरवून आलेल्या भिडूंना जर मर्यादेपेक्षा जास्त जिंकायचं असेल, तर एकाचा निरोप दुसऱ्याला पोचायला हवा. खुर्चीने निरोप पोचवला, म्हणून हे जिंकले." आपल्या भाषेत निरोप या शब्दाला दोन अर्थ आहेत. आज आपण त्यातल्या दुसऱ्यासाठी जमलोय, पण मला बाईंच्या तोंडचा हा पहिलाच जास्त आठवतो.

तेव्हा कानसेनने विचारलं, "बाई, मग ते कण कुणाची खुर्ची कुरकुरवतात?"

भिंतीपलीकडून मी आयुष्यभर अनेक शांतता ऐकल्या होत्या. ही पहिली मी आत बसून ऐकली.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "कुणाचीच नाही गं. लोकांनी फार शोधलं. दोन खोल्या इतक्या लांब नेल्या, की उत्तर यायच्या आत इकडचा प्रकाशसुद्धा तिकडे पोचू नये. तरीही ते जिंकतात. आणि या जिंकण्यातून कुणाला निरोपही धाडता येत नाही. खुर्ची नाही, आवाज नाही, आधी ठरलेलं उत्तर नाही. तरी मेळ बसतो."

त्या पोरीचा चेहरा मला आजही आठवतो. गाणं ऐकताना माणूस मान किंचित कलती करतो ना, तशी कलती करून ती ऐकत होती. जणू ती खुर्ची आता ऐकू येईल.

मावसभावाने घरी जाऊन पराक्रम सांगितला. आणि घराघरांतून गोष्ट फिरत फिरत, जशी फिरते तशी, प्राचार्यांकडे पोचली ती अशी: प्रयोगशाळेत मुलं पत्ते खेळतात, लबाडी करतात, आणि गणिताचे सर पंच असतात. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, ही अडचण होती.

प्राचार्य आले. म्हणजे आजचे आपले अध्यक्ष. आणि त्यांच्याबरोबर आले कानसेनचे वडील. ते आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकानातून उठून तसेच आले होते, गळ्यात टेप तशीच लोंबत होती. प्राचार्यांनी एवढंच म्हटलं, "बाई, हे खेळ आता आवरा." पण वडिलांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते मी त्यांच्यासमोर जसंच्या तसं सांगतो.

"बाई, तुम्ही भल्या आहात. पण माझ्या पोरीच्या डोक्यात भलतं भरू नका. फोनवर बोलायच्या कामाला हिला लावतोय, तिथे मी शब्द देऊन बसलोय. शास्त्र म्हणजे डोळ्यांचं काम. उद्या हिला कुणी दारात उभं केलं नाही, तर तिथे तुम्ही असणार आहात का?"

आपल्यापैकी दुसरं कुणीही 'हो, हो, मी आहे ना' म्हणालं असतं. बाई म्हणाल्या, "नसेन कदाचित."

मग म्हणाल्या, "पण आत्ता आहे. एक डाव खेळता?"

बापलेक खेळले. वडील माझ्या खोलीत, लेक तिकडे, आणि तिच्यासमोर पत्ते वाटायला साक्षात प्राचार्य. वडिलांनी पत्ता हातात घेतला आणि कापडाचा पोत बघावा तसा अंगठ्याखाली फिरवला. सुरुवातीला उपकार केल्यासारखं 'हो' म्हणाले. मग हरले, आणि त्यांना राग आला. "पुन्हा." परत हरले. "थांबा, आता आम्ही वेगळं ठरवतो." बाप आणि लेक कोपऱ्यात कुजबुजले. पुन्हा खेळले. शेवटी त्यांनी पत्ता खाली ठेवला. "हे असं जिंकताच येणार नाही."

लेक भिंतीला हात लावत लावत दारातून आत आली. "माणसांना नाही येणार, बाबा. पण ऐका. तुम्ही गिऱ्हाइकाचं माप घेता. तुम्ही टेप लावायच्या आधीसुद्धा त्याची छाती तेवढीच असते ना?"

"असणारच. मी काय टेपने छाती फुगवतो?"

"तिथे तसं नाही, बाबा. तिथे टेप लावली की माप ठरतं. आणि इथे ठरलेल्या मापाचा तिकडच्या मापाशी मेळ बसतो. दोघांनी आधी ठरवलं असतं तर बसला असता, त्याहूनही जास्त."

वडिलांनी गळ्यातली टेप काढली आणि हातात धरून बघत राहिले. "मग टेप लावायच्या आधी काय असतं?"

"कुणालाच नीट माहीत नाही."

"तुझ्या बाईंना?"

"मलाही नाही," बाई म्हणाल्या.

 त्यांनी बाईंना विचारलं, "आणि हे शोधायला डोळे लागतात?"

बाई म्हणाल्या, "आजवर हे कुणाच्याच डोळ्यांना दिसलेलं नाही."

वडिलांनी टेप गुंडाळून खिशात घातली. "त्या फोनवाल्यांना मी सांगतो, मुलगी येणार नाही म्हणून." एवढंच म्हणाले आणि गेले. दुकान उघडं होतं ना.

अध्यक्षमहाराज हसतायत. त्यांचंही सांगून टाकतो. खेळ बंद करायला आलेले प्राचार्य, कानसेनचे वडील गेल्यावर, माझ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सर, आता एक डाव आपला होऊन जाऊ द्या." ते हरले तेव्हा, प्राचार्य या नात्याने आपलंच उत्तर बरोबर धरावं, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. तो फेटाळला गेला. खेळ मात्र चालू राहिले.

पुढची वाट काही मऊ नव्हती. प्रात्यक्षिक परीक्षेला मीटरच्या सुईचं माप तिला आवाजाने कळावं म्हणून बाईंनी एक यंत्र जुळवलं. सुई सरकेल तसा त्याचा सूर चढायचा. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग स्वतःच डोळे मिटून ते वाजवून पाहिलं. आणि वडील म्हणाले होते तसंही झालं. पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला तेव्हा एका मोठ्या संस्थेने तिला मुलाखतीलाच बोलावायला नकार दिला. प्रयोगशाळेत तिच्या जिवाला धोका आहे, असं कारण दिलं. 'नसेन कदाचित' म्हणालेल्या बाई रजा काढून तिच्याबरोबर गेल्या आणि त्या संस्थेच्या दाराबाहेरच्या बाकावर दोघी बसून राहिल्या. काय मागणी आहे, असं विचारायला कुणी आलं, की बाई म्हणायच्या, "काही नाही, तुमच्यासाठी एक खेळ आणलाय." अखेर एक प्राध्यापक खेळायला बसले. मुलाखत तिथेच झाली.

आता गेल्या सुट्टीतली गोष्ट सांगतो आणि तुमची सुटका करतो.

प्रमुख पाहुण्यांनी, आता मी पुन्हा आदरार्थी झालोय हे कृपया नोंदवावं, आम्हा दोघांना त्यांच्या प्रयोगशाळेत बोलावलं. जमिनीखालची जागा. लांबच लांब बोळ आणि त्याच्या दोन टोकांना दोन खोल्या. मधल्या दालनात काळ्या पडद्याआड एक भलंमोठं टेबल, त्यावर बोटाएवढे आरसे, असे बारकाईने लावलेले, की आम्हाला श्वाससुद्धा जपून घ्यायला सांगितलं. तिथे ते जोडीचे कण जन्म घेतात. इतर लोक पडद्यावर आकडे बघतात. या बाईंनी, म्हणजे आपल्या पाहुण्यांनी, प्रत्येक उत्तराला आवाज दिलाय. 'हो' म्हणजे उंच सूर, 'नाही' म्हणजे खालचा.

त्यांनी बाईंना एका खोलीत बसवलं, मला दुसऱ्या. समोर दोन बटणं, म्हणजे दोन प्रश्न. म्हणाल्या, "हवं ते दाबा. मनाला येईल ते. तुमच्या जागी आता कण उत्तर देतील."

मी दाबत गेलो. टिण. टण. टिण. दुसऱ्या टोकाचा सूरही छोट्या स्पीकरवर ऐकू येत होता आणि तिथे कुठलं बटण दाबलं त्याचा दिवा लागत होता. गणिताच्या मास्तरची खोड, मी मनात गुण मांडायला लागलो. जिंकलो. जिंकलो. हरलो. जिंकलो. मला माझी मर्यादा ठाऊक होती. ती मीच सिद्ध केली होती! शंभरातले अठ्ठ्याहत्तर... ऐंशी... आकडा वर राहिला आणि खाली यायला तयार होईना.  माझ्या खोलीत कुणी नव्हतं. बोळात कुणी नव्हतं. खुर्ची गादीची होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर, छे, माझ्या कानांसमोर, दोन कण जमेल त्याहून जास्त जिंकत होते. इतके शांतपणे, इतके सहज, जणू त्यांना त्यात काही विशेष वाटतच नव्हतं.

मग दुसऱ्या टोकाचा आवाज थांबला. यंत्र बंद पडलं असं वाटून मी उठून गेलो.

बाई बटणावर बोट ठेवून बसल्या होत्या, दाबत नव्हत्या. पाहुण्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, खेळा ना."

बाई म्हणाल्या, "थांब गं जरा. मी हे आयुष्यभर मुलांना सांगत आले. मला कुणीतरी सांगितलं होतं, मी वाचलं होतं, म्हणून सांगत आले. माझा विश्वास होता."  मग त्यांनी बटण दाबलं, सूर ऐकला, पुन्हा दाबलं. बराच वेळ. आम्ही दोघं दारात उभे होतो, आणि तिकडे खिशातून कुणी काहीही काढत नव्हतं, तरी उत्तरं येत होती.

मंडळी, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्या प्रयोगशाळेत असलं यंत्र कधी नव्हतंच. सँडपेपर, पुठ्ठा आणि एक टिचकी एवढ्या सामग्रीवर या बाईने मुलांच्या कितीतरी पिढ्यांना जगाच्या तळाशी नेऊन उभं केलं, आणि स्वतः तो तळ कधी पाहिला नव्हता.

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या होत्या.   आमचं उतरायचं ठिकाण जवळ आलं तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सर, आता मला नीट शिकवता येईल."

निवृत्तीचं पत्र त्यांच्या हाती पडून तेव्हा आठवडा झाला होता.

म्हणून प्राचार्या मॅडम, या व्यासपीठावरून मी एक विनंती करतो, आणि ती कार्यक्रमपत्रिकेत नाही. तुम्ही बाईंना निरोप द्या, नियम आहे, द्यायलाच हवा. पण दर शनिवारी प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडे राहू द्या. मुलं येतील. शेजारच्या खोलीत पंच म्हणून बसायला एक निवृत्तीच्या वाटेवरचा मास्तर बिनपगारी तयार आहे. मॅडम मान हलवतायत... ही होकाराची मान आहे, असं मी जाहीर करतो. साक्षीदार भरपूर आहेत.

मला बोलावल्याबद्दल संयोजकांचे, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांचे, आणि मागे उभं राहूनही ज्यांनी ऐकलं त्या मुलांचे मनापासून आभार. वेळेच्या बाबतीत मी हरलो, हे मला घड्याळाकडे बघणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळलंय. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचा उल्लेख सुटला असेल, थट्टा जास्त झाली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि भौतिकशास्त्रात माझी काही चूक झाली असेल, तर ती सर्वस्वी माझी समजा. भिंतीपलीकडून बाईंनी मला बरोबरच शिकवलं होतं.

नमस्कार.